विलायती बनावटीची देशी बीअर

परदेशात गेलेला मराठी माणूस पहिली काही वर्षं पैसे वाचवतो. मग त्याला चव येते. भारतात असताना ज्याचं बीअरविषयीचं एकूण मत ‘थंड आहे ना?’ एवढंच होतं, तो अचानक माल्ट, हॉप्स, यीस्ट असलं बोलायला लागतो, ग्लास दिव्यासमोर धरून डोळे बारीक करतो, आणि कुणाच्या घरी गेल्यावर फ्रीजमधला कॅन बघून ‘राहू दे, मी पाणीच घेतो’ असं म्हणण्याइतका निष्ठुर होतो. लंडनच्या पश्चिमेला, विमानं जिथे कौलांना विचारून उतरतात त्या भागात मी राहतो. हा आजार मला तिथेच जडला.

याला कारण सुपरमार्केट. डोंबिवलीच्या वाइन शॉपमध्ये जाळीतून हात आत घालायचा, तर आतून एकच प्रश्न यायचा, ‘स्ट्राँग का माइल्ड?’ उत्तर दिलं की बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर. अख्ख्या व्यवहाराला गुन्ह्याची घाई असायची. इथे मात्र बीअरची भिंतच्या भिंत, स्वच्छ उजेडात, शेजारी लहान मुलांचे डायपर. कुणी काही विचारत नाही. स्ट्राँग का माइल्ड हे विचारणारा नसला की माणसाला विचार करावा लागतो. बायको दूध, भाजी, टॉयलेट रोल घेऊन परत यायची तरी मी बेल्जियममध्येच उभा.

“अजून इथेच?”

“अगं, ही ट्रॅपिस्ट आहे. मठातले साधू करतात.”

“स्वतः करतात?”

“त्यांच्या देखरेखीखाली होते.”

“म्हणजे तुझ्यासारखंच. मी स्वयंपाक करते तेव्हा तू देखरेखच करतोस.”

एकट्याने पिऊन चव वाढत नाही, फक्त पोट वाढतं, म्हणून आम्ही पाच जणांनी मिळून एक आस्वाद वर्ग काढला. पुणेकर, नागपूरकर, कोल्हापूरकर, सोलापूरकर आणि मी. पहिली अडचण वाराची. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा (याबद्दल कोल्हापूरकर एक इंच हलायला तयार नाही), शनिवार मारुतीचा, आणि रविवारी बसलं तर सोमवारी ऑफिसला उठवत नाही. उरला बुधवार. बुधवारी सगळ्यांच्या मुलांचं पोहणं. तेहतीस कोटी देवांच्या तुलनेत आठवड्याला दिवस फार कमी पडतात हे मला तेव्हा प्रथम जाणवलं.

तोडगा पुणेकराने काढला. मारुती मूळचा भारताचा, तेव्हा त्याचा शनिवार भारतीय वेळेप्रमाणेच धरायचा. हिवाळ्यात इथे शनिवारी संध्याकाळचे साडेसहा वाजले की भारतात बारा वाजून रविवार लागतो. उन्हाळ्यात इथली घड्याळं पुढे सरकतात, तेव्हा साडेसात. नागपूरकराने शंका काढली की पंचांगात वार मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला बदलतो. त्याला बहुमताने गप्प बसवण्यात आलं. तेव्हापासून आम्ही शनिवारी संध्याकाळी बाटल्या टेबलावर मांडून, हातात ओपनर घेऊन, भारतातल्या मध्यरात्रीची वाट पाहतो.

पुणेकराने एक्सेलचा तक्ता केला. रंग, फेस, वास, चव, मागे रेंगाळणारी चव, आणि त्याने स्वतः वाढवलेला रकाना ‘पैसे वसूल’. एकूण गुण वीस. आजवर त्याने कुठल्याही बीअरला चौदाच्या वर गुण दिलेले नाहीत. जर्मन, झेक, बेल्जियन, सगळ्या चौदाच्या आत. वरचे सहा गुण त्याने कुणासाठी राखून ठेवलेत, हे विचारण्याची कुणाची हिंमत नाही. बहुधा सदाशिव पेठेसाठी.

अभ्यास हवा म्हणून पुस्तकं आणली. बीअरवर जगभर मानाने वाचला जाणारा इंग्रज लेखक होऊन गेला, त्याचं नाव मायकेल जॅक्सन. १९७७ साली त्याने जगातल्या बीअरवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ‘दारूत काय कळायचंय’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद केली. आमच्या घरात ते पुस्तक आल्यावर बायकोने मुखपृष्ठ वाचलं आणि म्हणाली, “हा तोच ना, अंधेरीला नाचायला आलेला?” तो वेगळा, हे पटवण्यात एक संध्याकाळ गेली. अजून ती पाहुण्यांना सांगते, की हा मायकेल जॅक्सनचं वाचून पितो.

जाणकारांची भाषा आत्मसात करणं सोपं नव्हतं. बीअर तपासणाऱ्यांनी वासांचं एक चक्र तयार केलेलं आहे. त्यात लोणी, उकडलेला मका, भिजलेला पुठ्ठा, बकरी आणि मांजर या सगळ्यांना अधिकृत जागा आहे. एरवी पेल्याला मांजराचा वास आला तर आपण भांडं पुन्हा घासायला टाकतो. इथे तसा वास ओळखणाऱ्याला मान मिळतो. आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. वाइन चाखणारे तोंडातली वाइन थुंकून टाकतात. बीअरचा कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला नीट कळतो, म्हणून ती गिळावी लागते, असं सांगतात. हे वाचून कोल्हापूरकर म्हणाला, “हे शास्त्र आपलं.”

बव्हेरियातली गव्हाची बीअर काढली त्या दिवशी मी पुस्तकाबरहुकूम जाहीर केलं, “केळं आणि लवंग. दोन्ही घातलेलं नाही बरं का, यीस्टच ते वास तयार करतं.”

कोल्हापूरकराने वास घेतला. “शिकरण आहे.”

“हो, पण लवंग?”

“बिघडलेलं शिकरण.”

ब्रसेल्सच्या आसपास हवेतल्या जंगली यीस्टवर आंबवलेली गझ नावाची बीअर असते. शौकीन लोक तिच्यासाठी जीव टाकतात. नागपूरकराने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, “विरजण कोणी लावलं?” मग त्याने तिच्यात हळूच मीठ आणि भाजलेलं जिरं टाकलं. पुणेकराला ते तक्त्यात कुठे नोंदवावं कळेना.

खरा पेच सोलापूरकराचा झाला. हा इतका कडक शाकाहारी, की केकमधल्या अंड्यासाठी बेकरीवाल्याची उलटतपासणी घेतो. पण पबमध्ये हातपंपाने ओढून देतात ती इंग्लिश बिटर तो निर्धास्त प्यायचा. ‘सातूचं पाणी’ अशी त्याची समजूत. ही बीअर अकरा ते तेरा अंशांवर देतात. ती फ्रीजमधली नसते, तळघरातली असते. उन्हातून आलेल्या भारतीयाला वाटतं की कुणीतरी आधी निम्मी पिऊन ठेवलीय. तरी सोलापूरकर ती आवडीने प्यायचा, आणि आम्हाला म्हणायचा, माणसाने सात्त्विक प्यावं. एका शनिवारी बांबर्गची धुरी दिलेली बीअर उघडली. तिचा माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे ग्लासातून थेट भाजलेल्या मांसाचा वास येतो. सोलापूरकर खुर्ची मागे घेत म्हणाला, “यात काय घातलंय?”

पुणेकर म्हणाला, “यात काही नाही. तुझ्या सात्त्विक बिटरमध्ये मासा असतो.”

खोलीत शांतता पसरली. मग पुणेकराने समजावून सांगितलं, की पिंपातली बीअर नितळ व्हावी म्हणून तिच्यात माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालायची इथली जुनी रीत आहे. गिनेसवाल्यांनी ती सोडत असल्याचं २०१५ साली जाहीर केलं, पण पिंपाच्या बिटरमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी ती चालते. सोलापूरकराचा चेहरा पडला. त्याने मनातल्या मनात वर्षं मोजली असावीत, आणि पाइंटमध्ये, म्हणजे ५६८ मिलिलिटरच्या मापात, गुणाकारही केला असावा.

“तो मासा… बीअरमध्ये राहतो?”

“नाही रे. गाळ घेऊन तळाला बसतो.”

सोलापूरकराने दीर्घ श्वास घेतला. “मग तळ सोडून चालेल.” आता तो प्रत्येक बिटरचा शेवटचा दोन बोटं भाग ग्लासात सोडतो. पिंपाचा तळ आणि ग्लासाचा तळ यांचा संबंध नाही, हे त्याला सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय.

पुढे आमची मजल ‘जागतिक संध्याकाळ’ करण्यापर्यंत गेली. प्रत्येकाने एका देशाची आयात बीअर आणायची आणि तिच्यातून त्या देशाचं पाणी, माती, हवा ओळखून दाखवायची. टेबलावर फ्रान्सची क्रोनेनबर्ग, बेल्जियमची स्टेला आर्तवा, ऑस्ट्रेलियाची फॉस्टर्स, स्पेनच्या सॅन मिगेल आणि माद्री अशा उभ्या राहिल्या. माझं भाषण रंगलं. फ्रेंच ग्लासात मला अल्सासच्या टेकड्या लागल्या. पुणेकराला स्पेनमध्ये ‘थोडं ऊन’ जाणवलं आणि त्याने सव्वातेरा गुण दिले. ऑस्ट्रेलियाबद्दल नागपूरकर म्हणाला, “मोकळी आहे. मोठा देश.”

मग त्यानेच चष्मा कपाळावर चढवून बाटल्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पुढचं सगळं त्याने तपशीलवार शोधून काढलं, आणि तो तपशील खरा आहे. अल्सासच्या टेकड्या मँचेस्टरमध्ये निघाल्या. ऑस्ट्रेलियाही मँचेस्टरमध्येच. इतका मोठा देश, पण जागा तेवढीच लागली. बेल्जियम लँकेशायर आणि वेल्सच्या कारखान्यांतून यायचं. सॅन मिगेलचा जन्म १८९० सालचा आणि मनिलातला, तिथून ती स्पेनला गेली, आणि इंग्लंडमध्ये बरीच वर्षं नॉर्दम्प्टनला बनत होती. माद्री २०२० साली बाजारात आली आणि तिच्यातलं थोडं ऊन यॉर्कशायरच्या टॅडकास्टर गावातलं होतं, जिथे ऊन ही वर्तमानपत्रात छापण्याजोगी घटना असते.

कोल्हापूरकराचं मँचेस्टरला कामानिमित्त जाणं-येणं असतं. तो म्हणाला, “आयला, मी दर महिन्याला फ्रान्सवरून व्हॅनने जातोय.”

एकट्या पुणेकराने हार मानली नाही. तो म्हणाला, हिरव्या बाटलीतली खरी आयात बीअर लगेच ओळखू येते, तिला एक खास उग्र वास असतो. इथे बनवलेल्यांत तो नसतो. यावर मायकेल जॅक्सनच्या पंथातली पुस्तकं उघडली. हिरव्या आणि पारदर्शक काचेतून उजेड आत जातो, हॉप्समधल्या द्रव्यांवर त्याची क्रिया होते आणि बीअरला स्कंक नावाच्या जनावराच्या फवाऱ्यासारखा वास येतो. तपकिरी काच हे टाळते. म्हणजे पुणेकर इतकी वर्षं ज्याला अस्सलपणा म्हणून दोन जादा गुण देत होता, तो वास बीअर उन्हात राहिल्याचा होता. त्याने तक्ता बंद केला नाही. फक्त ‘वास’ या रकान्याचं नाव बदलून ‘व्यक्तिमत्त्व’ ठेवलं.

आता उरली भारताची बाटली. जेवण समोरच्या करीवाल्या हॉटेलातून मागवलं होतं, त्यामुळे बीअरही भारतीय असावी म्हणून मी कोब्रा आणली होती. तिची गोष्ट सांगायलाच हवी. करण बिलिमोरिया या हैदराबादहून विलायतेला आलेल्या तरुणाला वाटलं की मसालेदार जेवणाबरोबर इथली लागर पोट फुगवते आणि इथली बिटर जड होते. म्हणून १९८९ साली त्याने मधला मार्ग काढला. सुरुवातीला ती बंगळूरुला बनून बोटीने यायची आणि हा गृहस्थ जुन्या सिट्रोएन गाडीत खोकी टाकून हॉटेलोहॉटेली पोचवायचा. पुढे बीअर इंग्लंडमध्येच बनू लागली आणि तो लॉर्ड झाला. आता ती बर्टन-अपॉन-ट्रेंट गावी बनते. आणि किंगफिशर म्हणाल, तर इथल्या हॉटेलांत मिळणारी किंगफिशर कित्येक वर्षं केंट परगण्यातल्या फॅवर्शम गावातून येत होती.

हे बर्टन गाव म्हणजे थट्टाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची बीअर जहाजात चढायची, आफ्रिकेला वळसा घालायची, चार-सहा महिने हेलकावे खात मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायची, आणि उन्हाने लाल झालेले साहेब ती ‘घरची’ म्हणून प्यायचे. १८२० नंतर हा धंदा बर्टनवाल्यांनी ओढून नेला, कारण तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर आणि त्यात फिकी कडू बीअर छान उतरते. तीच ती इंडिया पेल एल. म्हणजे तेव्हा बर्टनचे लोक मुंबईतल्या इंग्रजांना इंग्लंडची आठवण करून द्यायला बीअर पाठवायचे, आणि आता तेच गाव इंग्लंडमधल्या आम्हाला मुंबईची आठवण करून द्यायला बीअर बनवतं. गावाने धंदा बदलला नाही. फक्त गिऱ्हाईक उलटं बसवलं.

मला यात धक्का बसायचं खरं तर कारण नव्हतं. मी महाराष्ट्रातला. आमच्या राज्यात १९४९ च्या कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि आरोग्य राखण्यासाठी याला मद्याची गरज आहे, असं त्यात सरकार गंभीरपणे मानतं. आमच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असं सरळ लिहिलेलं असतं आणि आजवर कुणी त्यावर हसलेलं नाही. इथे मला विलायती बनावटीची देशी बीअर मिळाली, एवढाच काय तो फरक. पण बायकोने तंदुरी तुकडा उचलत विचारलं, “मग या बाटलीवर पाच पाउंड जास्त कशाचे लावलेत?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुणेकराने ‘पैसे वसूल’मध्ये शून्य टाकलं आणि नागपूरकर खिडकीतून उतरणाऱ्या विमानांकडे बघत राहिला.

बीअरच्या मुळाशी जायचा प्रयत्न आम्ही याच्या काही वर्षं आधीच करून पाहिला होता. वेस्टव्लेटरेन नावाच्या बेल्जियन मठातले साधू जगातली नावाजलेली बीअर करतात आणि तेव्हा ती मठाच्या दारातच विकायचे. त्या काळी फोन करून आपल्या गाडीचा नंबर द्यावा लागे आणि ही पुन्हा विकणार नाही असं कबूल करावं लागे. मी फोन लावत राहिलो. कायम एंगेज. मुंबईत तत्काळचं तिकीट काढलेल्या माणसालाही नैराश्य यावं असा तो फोन होता. शेवटी पुणेकराने मुद्दा काढला, की आपण युरोस्टारने जाणार, तर गाडीचा नंबर कुठला द्यायचा? मठ रद्द झाला आणि आम्ही गेंट शहरात पोचलो.

तिथल्या एका बारमध्ये बीअर लिटरभराहून मोठ्या ग्लासात देतात. ग्लास खाली गोल, वर लांब मान, आणि लाकडी ठाणात उभा. लोक तो उचलून नेतात म्हणून तारण ठेवावं लागतं, आणि तारण म्हणजे तुमचा एक बूट. टोपलीत घालून दोरीने छताला ओढतात. आम्ही चौघांनी मुकाट बूट काढले. पुणेकर म्हणाला, “पावती?”

वेटर हसला. पुणेकर हसला नाही. “नवा आहे. पावतीशिवाय मी कुणाला काही देत नाही.”

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेर वेटरने बीअरच्या खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर ‘एक बूट, डावा’ असं लिहून सही केली, तेव्हा बूट वर गेला आणि पुणेकराच्या मोज्याला अंगठ्यापाशी पडलेलं भोक सर्व राष्ट्रांच्या दृष्टीस पडलं. नागपूरकराने ग्लास उचलून जोरात तिरका केला. त्या ग्लासात तेच करायचं नसतं. खालच्या गोलात हवा शिरते आणि उरलेली बीअर एकदम तोंडावर येते. बीअरने निथळलेला नागपूरकर एका पायात मोजा घालून ओल्या फरशीवरून स्वच्छतागृहाकडे लंगडत निघाला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, स्वागत आहे. त्याने हात जोडले.

इतकं ज्ञान साठल्यावर ते गावाकडच्यांना वाटल्याशिवाय राहवत नाही. गेल्या खेपेला डोंबिवलीच्या काकांसाठी बीअर न्यायची ठरवली. भारतात कस्टमला दोन लिटर मद्य माफ आहे. पुणेकराने हिशेब करून दिला, ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १९८० मिलिलिटर, आणि वर वीस मिलिलिटर ‘बाष्पीभवनासाठी’. मी सहा वेगवेगळ्या ब्रुअरीजच्या सहा बाटल्या निवडल्या, पायजम्यांत गुंडाळल्या, मुंबईत हिरव्या मार्गाने निघताना विनाकारण घाम पुसला.

डोंबिवलीच्या आधी पुण्याला गेलो तर पुतण्याने मलाच मायक्रोब्रुअरीत नेलं आणि अर्धा तास हॉप्सवर व्याख्यान दिलं. पुण्यात असल्या ब्रुअरीज २००९ पासून आहेत म्हणे. मी त्याला म्हटलं, तुमच्या पिढीला सगळं आयतं मिळालं. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

डोंबिवलीत काका गॅलरीत वाटच बघत होते. मी ‘रोशफोर १०’ नावाची बाटली उघडली, साधूंची माहिती दिली, ग्लास कसा धरायचा ते सांगितलं, सुकं अंजीर आणि मनुकांचा वास येईल म्हणालो. काकांनी ग्लासात बर्फाचे तीन खडे टाकले, वरून बीअर ओतली आणि नेहमीच्या माइल्डच्या वेगाने अर्धी संपवली.

“काकवी आहे रे ही,” ते म्हणाले.

आमच्या तक्त्यात इतकी नेमकी नोंद एकही नाही. पण ही बीअर ११.३ टक्क्यांची असते, हे सांगायचं मात्र राहून गेलं. दुसरी बाटली संपली तेव्हा काका बदलापूरच्या त्या प्लॉटवर आले, जो त्यांनी घेतला नाही, आणि मग तो न घेऊ देणाऱ्या नातेवाइकांची नावं क्रमाने घेऊ लागले. त्यात माझ्या वडिलांचा क्रमांक बराच वरचा होता.

काकू आतून आल्या त्या रिकाम्या बाटल्या बघायला. “फेकू नकोस हं. मनीप्लांटला होतील.” मी अभिमानाने उरलेल्या चारही बाहेर काढल्या. एक ऑर्व्हालची, निमुळत्या मानेची, एक बुटकी जाड, एक हिरवी. काकूंनी सगळ्या ओळीने कठड्यावर मांडल्या, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा मांडल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“सहाच्या सहा वेगळ्या आणल्यास? एकसारख्या मिळत नाहीत का तिकडे? सेट झाला असता.”